लिथियम नायोबेटमधील आयन-वेव्हगाइड : इंदूर येथील प्रकल्प नोंदी

१५ जून २०२३
आजच्या बैठकीत स्फटिक आणि पद्धत या दोन्हींचा निर्णय झाला : स्फटिक लिथियम नायोबेटचा, पद्धत आयनांच्या माऱ्याची. त्यात वेव्हगाइड, म्हणजे प्रकाशाला अडवून वाहून नेणारी पातळ पट्टी, करायची आहे, आणि तिने १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश व त्यातून काढायचा ५३२ चा हिरवा, दोन्ही वाहायला हवेत. लिथियम नायोबेटमध्ये वेव्हगाइड करण्याच्या दोन जुन्या आणि भरवशाच्या पद्धती आहेत. एका पद्धतीत टायटॅनियमचा पातळ थर सुमारे १००० अंश सेल्सिअस तापमानाला आत मुरवतात, तर दुसरीत बेंझोइक आम्लात बुडवून लिथियमच्या जागी प्रोटॉन बसवतात. प्रोटॉन-बदलाच्या पद्धतीत केवळ असाधारण (स्फटिकाच्या झेड-अक्षाला समांतर ध्रुवण असलेल्या प्रकाशाला लागू होणारा) अपवर्तनांकच वाढतो, आणि टायटॅनियमच्या पद्धतीला लागणारी भट्टी व त्यातील वायूचे नियंत्रण आमच्याकडे नाही. आयनांचा मारा करण्याच्या पद्धतीचे आकर्षण असे की ती सामान्य तापमानाला चालते, आणि याग (यट्रियम-अॅल्युमिनियम गार्नेट) सारख्या ज्या स्फटिकांत काहीही सहज मुरवता येत नाही त्यांतही ती लागू पडते. त्यामुळे येथे शिकलेली रीत पुढे दुसऱ्या स्फटिकाला वापरता येईल, हा सरांचा मुद्दा सर्वांना पटला.

या पद्धतीचा आरंभ १९६८ मध्ये शिनेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वितळ-सिलिकावर प्रोटॉनांचा मारा करून केला. सिलिकात माऱ्यामुळे पदार्थ दाटतो आणि अपवर्तनांक वाढतो, म्हणजे जेथे आयन थांबले तेथेच प्रकाश वाहतो. बहुतेक स्फटिकांत मात्र नेमके उलट घडते. आयन थांबण्याच्या ठिकाणी जाळी मोडते, घनता कमी होते, अपवर्तनांक उतरतो आणि पृष्ठभागाखाली काही मायक्रोमीटरवर एक भिंत उभी राहते. प्रकाश पृष्ठभाग आणि ही भिंत यांच्यामधल्या, आयन केवळ पार होऊन गेलेल्या पट्टीतून वाहतो. म्हणून या कामात प्रश्न दोन आहेत : भिंत पुरेशी पक्की झाली का, आणि ती उभारताना वरची पट्टी कितपत खराब झाली.

बैठकीनंतर एका पाहुण्याने नेहमीचा प्रश्न विचारलाच, की राजा रामण्णा केंद्रातील इंडस यंत्रे शहरातच असताना मारा करण्यासाठी बाहेरगावी का जायचे. इंडस-१ आणि इंडस-२ ही इलेक्ट्रॉनांची साठवण-वलये आहेत, ४५० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट आणि २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टची. सिंक्रोट्रॉन प्रकाशासाठी ती उत्तम आहेत, पण कार्बनचे आयन स्फटिकात चार मायक्रोमीटर खोल रुतवायचे तर टँडमसारखा आयनांचा त्वरक लागतो.

२२ जून २०२३
स्फटिकाचा छेद एक्स-दिशेचा घ्यावा आणि प्रकाश वाय-दिशेने वाहावा असे ठरवले. या मांडणीत टीई ध्रुवणाला (विद्युतक्षेत्र पृष्ठभागाला समांतर) असाधारण अपवर्तनांक लागू होतो, जो ६३३ नॅनोमीटरला सुमारे २.२०३ आहे, आणि टीएम ध्रुवणाला (विद्युतक्षेत्र पृष्ठभागाला लंब) साधारण, म्हणजे सुमारे २.२८६. एकाच तुकड्यावर दोन्ही मोजता येतात. शिवाय झेड-छेदाच्या तुकड्यात पायरोविद्युत (तापमान बदलल्याने निर्माण होणारा) प्रभार मोठ्या पृष्ठभागांवर साचतो आणि निर्वातात ठिणग्या पडण्याची शक्यता वाढते, ती कटकट टळते.

ऊर्जेचा हिशोब सोपा आहे. टँडममध्ये ऋण आयन टर्मिनलपर्यंत ओढला जातो, तेथे त्याचे इलेक्ट्रॉन सोलले जातात आणि तो धन होऊन पुन्हा ढकलला जातो. टर्मिनल १.५ मेगाव्होल्टवर आणि कार्बनवर तीन धन प्रभार असताना एकूण ऊर्जा १.५ गुणिले चार, म्हणजे ६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट होते. स्रिम या गणन-प्रणालीनुसार लिथियम नायोबेटमध्ये असा आयन जवळपास ४ मायक्रोमीटरवर थांबतो. वाटेत तो ऊर्जा मुख्यतः इलेक्ट्रॉनांना देतो आणि शेवटच्या टप्प्यात अणुकेंद्रकांना धडकून अणूंना जागेवरून हलवतो. इलेक्ट्रॉनांना दिलेली ऊर्जा दर नॅनोमीटरला ५ ते ६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पलीकडे गेली की या स्फटिकात वाटेवरच अस्फटिक माग उमटू लागतात. आमचा कार्बन त्या मर्यादेच्या बराच खाली राहतो, आणि वरची पट्टी स्फटिकच राहावी म्हणून तो निवडला आहे. ऑक्सिजन किंवा फ्लोरिन जास्त ऊर्जेने वापरणारे गट याच मर्यादेचा फायदा उलट्या बाजूने घेतात. तीही चांगली वाट आहे, पण आमची नव्हे.

चार मायक्रोमीटरची पट्टी आणि भिंतीत ०.०५ ची घट धरली, तर लाल प्रकाशासाठी साधारण सहा मोड, म्हणजे पट्टीत प्रकाश वाहण्याच्या सहा ठरावीक रीती, मिळायला हवेत.

३ जुलै २०२३
अर्धा मिलिमीटर जाडीच्या चकतीतून एक सेंटिमीटर बाजूचे तुकडे कापून झाले. आता कडा घासण्याचे काम सुरू आहे, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकल्पात याच कामाला सर्वांत कमी श्रेय मिळते. पट्टी पृष्ठभागाला लागूनच असल्यामुळे कडेचे वरचे चार-पाच मायक्रोमीटरच काय ते कामाचे असतात, आणि घासताना टवके नेमके तेथेच उडतात. आमच्या कार्यशाळेतील काका दोन तुकडे समोरासमोर, पृष्ठभागाला पृष्ठभाग लावून, मध्ये मेणाचा अगदी पातळ थर देऊन चिकटवतात, म्हणजे प्रत्येक कड दुसरीचा आधार होते. नंतर नऊ, तीन आणि एक मायक्रोमीटरची अॅल्युमिना आणि शेवटी कलिल सिलिका. प्रत्येक पायरीनंतर ते तुकडा पाचशेपट सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि कड सरळ काळ्या रेघेसारखी दिसत नाही तोवर पुढची पूड हाती घेत नाहीत. मेणाचा थर जाड राहिला तर आधार सुटतो, हे त्यांनी दाखवले तेव्हा जाडीचा फरक मला बोटाला मुळीच जाणवला नाही. त्यांना मात्र तो तुकडा सरकवतानाच कळला.

२० जुलै २०२३
पावसामुळे दमटपणा फार आहे. तुकडे सिलिका जेलच्या डबीत ठेवले. अन्य काम नाही.

७ ऑगस्ट २०२३, त्वरक केंद्र
आज झोत मिळाला. मात्रा तीन ठरवल्या आहेत : दर चौरस सेंटिमीटरला १ × १०^१४, २ × १०^१४ आणि ५ × १०^१४ आयन. प्रत्येक आयनावर तीन प्रभार असल्याने प्रभार मोजून तिनाने भागावे लागते. म्हणजे मधल्या मात्रेसाठी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ९६ मायक्रोकूलॉम प्रभार हवा. झोत दीड सेंटिमीटर बाजूच्या चौकोनावर फिरवला आणि प्रवाह ६० नॅनोअँपिअर ठेवला, तेव्हा मधल्या मात्रेला एक तास, लहान मात्रेला अर्धा आणि मोठ्या मात्रेला अडीच तास लागले. प्रवाह वाढवून वेळ वाचवण्याचा मोह टाळला, कारण ६० नॅनोअँपिअरला संपूर्ण चौकोनात केवळ ०.१२ वॅट उष्णता जाते, आणि तापलेला तुकडा मारा चालू असतानाच स्वतःला बरा करू लागला तर मात्रेचा आकडा निरर्थक ठरतो.

दोन गोष्टी येथे नव्या येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवतो. झोत पडताना पृष्ठभागावरून दुय्यम इलेक्ट्रॉन उडतात, आणि प्रत्येक निसटलेला इलेक्ट्रॉन मापकाला एक जादा धन प्रभार भासतो. म्हणून धारकासमोर ऋण विभवाची कडी लावल्याशिवाय प्रभारगणकावर विश्वास ठेवू नये. दुसरे, तुकडा झोताशी सात अंश तिरका ठेवावा, अन्यथा आयन अणूंच्या रांगांमधील मोकळ्या गल्ल्यांतून सरळ निघून जातात, अपेक्षेपेक्षा खोल पोचतात आणि भिंत पसरट होते.

झोत पडत असताना खिडकीतून स्फटिक निळसर चमकताना दिसतो. ही चमक हळूहळू मंदावते. चौकोनाचे काठ तिच्यावरून ताडून पाहता येतात, आणि आम्ही ते पाहिले.

१६ ऑगस्ट २०२३, इंदूर
प्रिझम कप्लरवर पहिली मोजमापे घेतली. रुटाइलचा प्रिझम स्फटिकावर दाबला की दोहोंमधील हवेची फट तरंगलांबीच्या अंशाइतकी उरते, आणि संपर्काच्या जागी एक लहानसा गडद डाग दिसतो. हा डाग नीट गोल येईपर्यंत स्क्रू फिरवत राहावे लागते. नंतर कोन बदलत गेल्यावर ज्या कोनांना प्रकाश पट्टीत शिरतो तेथे परावर्तित तीव्रता खाली येते, आणि प्रत्येक खाच म्हणजे एक मोड.

५ × १०^१४ च्या तुकड्यात टीई ध्रुवणात पाच खाचा स्पष्ट आणि सहावी पसरट आली. म्हणजे जूनमधला अंदाज बरोबर होता. महत्त्वाची बाब वेगळीच आहे. पहिल्या मोडचा परिणामी (त्या मोडला प्रत्यक्षात जाणवणारा) अपवर्तनांक मूळ स्फटिकाच्या २.२०३ पेक्षा थोडा वर आहे, इतर सर्व मोड खाली आहेत, आणि टीएममध्ये तर सर्वच मोड २.२८६ च्या खाली आहेत. लिथियम नायोबेटमध्ये जाळीच्या सौम्य मोडतोडीमुळे स्वयंध्रुवण (स्फटिकातील मूळचे विद्युत ध्रुवण) घटते आणि त्यासोबत असाधारण अपवर्तनांक किंचित वाढतो, हे जाणकारांना ठाऊक आहेच. आमच्या मोजमापावरून ही वाढ दोन ते तीन हजारांश असावी.

याचा अर्थ असा की टीईचा पहिला मोड भिंतीवर अवलंबूनच नाही. ज्या मोडचा अपवर्तनांक खालच्या मूळ स्फटिकापेक्षा जास्त असतो तो भिंत नसतानाही बांधलेला राहतो. जो खाली असतो तो भिंतीच्या पलीकडे नेहमीच थोडा झिरपतो, भिंत कितीही जाड असली तरी, फक्त किती झिरपतो इतकाच प्रश्न उरतो. यापुढे प्रत्येक मोजमापाशेजारी ‘वर’ किंवा ‘खाली’ असे लिहायचे, असे आज ठरवले.

२८ ऑगस्ट २०२३
तिन्ही तुकडे २०० अंशांना अर्धा तास तापवले. मारा झाल्यावर आलेला पिवळसर करडा रंग बहुतांशी गेला. हा रंग पट्टीत अडकलेल्या रंगकेंद्रांचा (प्रकाश शोषणाऱ्या जाळीतील दोषांचा) असतो, आणि ती कमी तापमानालाच विरघळतात. भिंत मात्र जागच्या जागी आहे, खाचांच्या जागा फारशा हललेल्या नाहीत.

तापवताना तुकडे अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळले होते, म्हणजे पायरोविद्युत प्रभार आपसांत मिटून जातो. न गुंडाळलेला एक कोरा तुकडा मुद्दाम सोबत ठेवला होता. भट्टीतून बाहेर येताच तो टेबलावरचे पुसणीचे तंतू ओढू लागला, आणि चिमट्याने उचलताना चिमट्याला चिकटूनच राहिला.

६ सप्टेंबर २०२३
२६० अंश, अर्धा तास. या वेळी तिन्ही तुकडे एकसारखे वागले नाहीत, आणि नोंद घेण्याजोगे तेच आहे. ५ × १०^१४ च्या तुकड्यात खाचा आणखी तीक्ष्ण झाल्या. १ × १०^१४ च्या तुकड्यात वरच्या क्रमांकाचे मोड पसरट होत नाहीसे झाले, कारण तेथील भिंत मुळातच अर्धवट होती आणि उष्णतेने ती भरून येऊ लागली. अनीलिंगमुळे, म्हणजे या तापवण्यामुळे, शोषणाने होणारी प्रकाशाची हानी कमी होते आणि झिरपण्याची हानी वाढते. दोन्ही एकाच भट्टीत, एकाच वेळी. म्हणून एखाद्या शोधनिबंधातील तापमान उचलून एका दमात तिथवर जाणे मला पसंत नाही. लहान पायऱ्यांनी जावे आणि प्रत्येक पायरीनंतर मोड मोजावेत. लहान मात्रेच्या तुकड्यावर यापुढे वेळ घालवणार नाही.

३ ऑक्टोबर २०२३
गणपतीनंतर कडेतून प्रकाश घालण्याची मांडणी पूर्ण केली. लाल लेसर, चाळीसपट भिंग, तुकडा सहा अक्षांच्या मंचावर, दुसऱ्या बाजूला वीसपट भिंग आणि कॅमेरा. लिथियम नायोबेटमध्ये दृश्य प्रकाशाची तीव्रता वाढली की प्रकाश-अपवर्तक परिणामाने पट्टीतील अपवर्तनांक मोजतामोजताच बदलू लागतो, म्हणून शक्ती मायक्रोवॅटमध्येच ठेवली.

हिशोबात दोन कडांवरील परावर्तन वजा करणे आवश्यक आहे. २.२ अपवर्तनांकाला प्रत्येक कडेवर सुमारे १४ टक्के प्रकाश परततो, दोन्ही मिळून १.३ डेसिबेल. ही हानी वेव्हगाइडची नव्हे. भिंगाचा ठिपका आणि मोडचा आकार यांच्यातील तफावतही वेगळी काढली. उरलेल्या हानीत ५ × १०^१४ चा तुकडा, २६० अंशांनंतर, टीई ध्रुवणात सेंटिमीटरला २ डेसिबेलच्या आत बसतो. टीएममध्ये हानी स्पष्टपणे जास्त आहे. टीई ‘वर’, टीएम ‘खाली’. ऑगस्टमधील निष्कर्षाशी हे जुळते.

काकांच्या कडांबद्दल येथे लिहिलेच पाहिजे : सर्व तुकड्यांत एकही टवका पट्टीपर्यंत पोचलेला नाही.

१२ ऑक्टोबर २०२३
मूळ उद्दिष्ट १०६४ नॅनोमीटरचे होते, कारण निओडिमियम-यागचा हा प्रकाश घालून त्यातून हिरवा ५३२ काढायचा, तर वेव्हगाइडने दोन्ही वाहायला हवेत. आज १०६४ घातला. कॅमेऱ्यावर पट्टीच्या जागी काहीच नाही, आणि सर्व प्रकाश खालच्या स्फटिकात पसरलेला. विद्यार्थ्यांना मांडणी हलल्याची शंका आली. लाल लेसर पुन्हा लावून पाहिला, तो पूर्वीसारखाच वाहतो.

कारण मांडणीत नाही, हिशोबात आहे. चार मायक्रोमीटरच्या पट्टीत पहिला मोड पट्टीच्या अपवर्तनांकापेक्षा किती खाली बसतो ते तरंगलांबीच्या वर्गाबरोबर वाढते : लालसाठी सुमारे ०.००१४, १०६४ साठी सुमारे ०.००४. माऱ्याने मिळालेली वाढ दोन ते तीन हजारांशच आहे. म्हणून लाल प्रकाशाचा पहिला मोड मूळ स्फटिकाच्या वर राहतो आणि अवरक्त मोड खाली घसरतो. घसरला की तो केवळ भिंतीच्या भरवशावर.

आता भिंत पाहू. एका ऊर्जेने उभी राहिलेली भिंत सुमारे अर्धा मायक्रोमीटर जाड आहे. ०.०५ ची घट धरली तर पट्टीत वरखाली आपटत पुढे जाणारा १०६४ चा प्रकाश भिंतीवरील दर आघाताला सुमारे साडेसहा टक्के पलीकडे जातो. हा मोड एका सेंटिमीटरमध्ये भिंतीवर सुमारे ७७ वेळा आदळतो. म्हणजे शेवटी अर्धा टक्काच उरतो. कॅमेऱ्यावर अंधार दिसला यात नवल नाही.

हीच भिंत एक मायक्रोमीटर जाड केली तर दर आघाताची गळती अर्ध्या टक्क्याच्या खाली येते आणि सेंटिमीटरनंतर जवळपास तीन चतुर्थांश प्रकाश शिल्लक राहतो. जाडी केवळ दुप्पट, आणि फरक एवढा. घातांकी ऱ्हासाचा गुण म्हणायचा तो हाच.

१६ ऑक्टोबर २०२३
पुढील झोतासाठी अर्ज पाठवला. भिंत आतल्या बाजूने जाड केली तर पट्टी अरुंद होते, मोड आणखी खाली जातो आणि आघातही वाढतात. म्हणून ती बाहेरच्या, म्हणजे खोल बाजूने वाढवायची : ६.०, ६.४ आणि ६.८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. टर्मिनल अनुक्रमे १.५, १.६ आणि १.७ मेगाव्होल्ट. दर पायरीला आयन साधारण पाव मायक्रोमीटर अधिक खोल जातो, म्हणजे तिन्ही थर एकमेकांवर चढून सलग भिंत होते. प्रत्येक ऊर्जेला ३ × १०^१४ इतकी मात्रा पुरे, कारण थर एकमेकांवर चढतात. ५ × १०^१४ प्रत्येकी दिली तर वरच्या पट्टीतून जाणाऱ्या आयनांची एकूण संख्या विनाकारण वाढेल.

सरांनी सुचवले होते की त्याऐवजी एकाच ऊर्जेची मात्रा वाढवून भिंतीतील अपवर्तनांकाची घट वाढवावी. मी सहमत नाही, आणि हिशोब त्यांना दाखवला. भिंत जवळपास अस्फटिक झाली की पुढे मात्रा वाढवून अपवर्तनांक फारसा उतरत नाही, आणि रंगकेंद्रे मात्र वाढत राहतात. त्यांनी होकार दिला, पण एक तुकडा त्यांच्या पद्धतीनेही करायचा ठरले. ते योग्यच आहे.

२७ नोव्हेंबर २०२३, त्वरक केंद्र
तीन ऊर्जांचा मारा झाला. प्रत्येकीला दीड तास. ऊर्जा बदलताना चुंबकाची आणि झोताच्या जागेची जुळणी पुन्हा करावी लागते, त्यात मध्ये बराच वेळ गेला. दुसरा तुकडा ६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, ९ × १०^१४.

११ डिसेंबर २०२३, इंदूर
दोन्ही तुकडे २०० आणि नंतर २६० अंशांना, पूर्वीप्रमाणेच पत्र्यात गुंडाळून तापवले. तीन ऊर्जांच्या तुकड्याला २६० नंतरही किंचित रंग होता, म्हणून त्याला ३०० अंशांची आणखी एक पायरी दिली. पट्टीतून या वेळी जास्त आयन गेले असल्याने हे अपेक्षित होते. जाड भिंतीने ही पायरी सहज सोसली, खाचा हलल्या नाहीत.

१०६४ घातल्यावर तीन ऊर्जांच्या तुकड्यात पट्टीच्या जागी एकच सलग आडवी रेघ दिसते, खाली पसरलेला प्रकाश फार थोडा. परावर्तन आणि तफावत वजा जाता टीईमध्ये हानी सेंटिमीटरला अडीच डेसिबेलच्या आसपास आहे. झिरपण्यासाठी हिशोबाने सुमारे दीड डेसिबेल येत होते, उरलेले शोषण आणि विखुरणे यांचे मानतो. एका ऊर्जेच्या ९ × १०^१४ च्या तुकड्यात रेघ दिसते, पण फिकट, आणि खालचा उजेड अधिक.

ही पट्टी सपाट आहे, प्रकाश बाजूंना पसरतच राहतो. ५३२ साठी तो बाजूंनीही अडवायला हवा. आयन अडवणारा जाड मुखवटा लावून पुन्हा मारा करण्यापेक्षा हिऱ्याच्या पात्याने समांतर खाचा पाडून मधला अरुंद उंचवटा मोकळा करणे मला सोपे वाटते, कारण उभ्या दिशेने प्रकाश अडवणारी भिंत आता तयारच आहे आणि पात्याला केवळ तिच्याखाली जायचे आहे. खाचेची खोली ६ मायक्रोमीटरहून अधिक, उंचवट्याची रुंदी १० आणि १५ मायक्रोमीटर. पाते कोणत्या जाडीचे आणि किती वेगाने चालवायचे यासाठी काकांना आधी ५ × १०^१४ च्या दुसऱ्या तुकड्यावर चाचणी करायला सांगितले आहे. तीन ऊर्जांचा तुकडा तोवर डबीतच राहील.